अंगणात इंजिन उतरवायचं तर: मारुती ८००चं इंजिन घरी बदलण्याची सविस्तर पद्धत

भाताची मळणी आटोपली, गवताच्या गंज्या रचून झाल्या की आमच्या बेळगावच्या आसपासच्या गावांत गाड्यांची कामं निघतात. पावसाळाभर धूर ओकत, ऑइल पीत कशीबशी चाललेली मारुती अंगणात उभी राहते आणि घरात चर्चा सुरू होते: इंजिन बांधायचं, म्हणजे खोलून दुरुस्त करायचं, की दुसरं टाकायचं? मी उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मशीनवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या, भावकीतल्या गाड्या बघतो. आजवर जी इंजिनं अंगणात उतरवली त्यांत मारुती ८०० सर्वांत जास्त. म्हणून हा लेख त्याच गाडीवर. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली, २०१४ च्या जानेवारीत बंद झाली, पण निपाणीपासून खानापूरपर्यंत अजून गल्लोगल्ली दिसते. तिचं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं, पुढच्या बाजूला आडवं बसवलेलं. बोनेटखाली हात फिरवायला जागा बरी. घरी शिकायला याहून सोयीची गाडी नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंजिन प्रत्यक्ष उचलायला अर्धा तास लागतो. त्याच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस हे खरं काम. सोडलेल्या प्रत्येक वायरची, पाइपची आणि बोल्टची नोंद ठेवली असेल तर नवखा माणूसही इंजिन परत बसवतो. नोंद नसेल तर मुरलेला मिस्त्रीसुद्धा चार वायरी हातात घेऊन बसतो.

इंजिन खरंच बदलायचं आहे का?

धूर दिसला की इंजिन गेलं असं लगेच धरू नका. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांत तयार होणारा दाब, तपासा. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, इग्निशनचं कनेक्शन आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज असेल तर तोही काढून ठेवा. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ (स्टार्टर) मारायचा, दुसऱ्याने प्रत्येक भोकात गेज लावून आकडा लिहायचा. बॅटरी चांगली चार्ज हवी, नाहीतर आकडे उगाच कमी येतात. तिन्ही सिलिंडरांत एक किलोहून जास्त फरक नसावा. ज्यात आकडा कमी आला त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा बघा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. तसाच राहिला तर वाल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच कमी असतील तर बहुतेक हेड गॅस्केट त्या दोघांच्या मधोमध फुटलंय.

वाल्व्ह किंवा गॅस्केटचं काम असेल तर नुसतं हेड उतरवून भागतं, पूर्ण इंजिन काढायची गरज नाही. बोअर झिजला असेल तर दोन वाटा. एक, ब्लॉक उद्यमबागेत नेऊन बोअर करून घ्यायचा, क्रँक ग्राइंड करायचा. बेळगाव फाउंड्रीचं आणि मशीन शॉपचं गाव आहे, हे काम इथे चांगलं होतं. दुसरी वाट जुन्या बाजारातलं चालू इंजिन आणून बसवायची. मला स्वतःला पहिली वाट आवडते, कारण आपल्या ब्लॉकचा इतिहास आपल्याला माहीत असतो आणि आरसीवरचा इंजिन नंबरही तोच राहतो. पण ब्लॉकला तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉड बाहेर आला असेल तर दुसरं इंजिन आणण्याशिवाय गत्यंतर नाही. इंजिन उतरवण्याची पद्धत दोन्हीकडे एकच.

दुसरं इंजिन घेताना

कार्बोरेटरवालं इंजिन एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीत तसंच बसत नाही. वायरिंग, सेन्सर, इनटेक, सगळं वेगळं. काही ८०० गाड्यांत बारा वाल्व्हचं इंजिन होतं, त्याचं हेडच निराळं. ओम्नीचं इंजिनही ७९६ सीसीचंच, म्हणून विकणारा "एकच आहे की वो" म्हणेल. पण ओम्नीत ते उभं बसतं आणि मागची चाकं ओढतं. फाउंडेशनचे (इंजिन गाडीला धरून ठेवणारे) ब्रॅकेट आणि बाकीची जोडणी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्या इंजिनाचे चारही बाजूंनी फोटो मोबाइलवर घेऊन जा आणि तिथे समोरासमोर ताडा.

निवडताना क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. सगळीकडे सारखी ओढ लागली पाहिजे, कुठेही अडकता कामा नये. ऑइलचं झाकण उघडून खाली बघा. आत ताकासारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. थंडीत थोड्या थोड्या अंतरावर चालवलेल्या गाडीत झाकणाला किंचित पांढरं येतं, ते वेगळं. डिपस्टिकलाही तेच दिसलं तर ते इंजिन सोडून द्या. शक्य असेल तर ऑइलचा चेंबर खोलून बघू द्या म्हणावं. तळाला चमकणारा चुरा असेल तर बेअरिंग खाल्लेत.

आता कागद. आपल्याकडे बरीच इंजिनं कोल्हापूरकडून येतात, म्हणजे गाडी एमएच-०९ ची आणि बसणार केए-२२ किंवा केए-२३ च्या गाडीत. सीमेवर राहणाऱ्या माणसाने इथे कंटाळा करू नये. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर घातलेलं बिल घ्या. ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत मागा, तो नंबर ब्लॉकवर कोरलेल्या नंबराशी अक्षरन्अक्षर जुळवा आणि एमपरिवहन ॲपवर त्या गाडीची नोंद बघा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर ते इंजिन फुकट मिळत असलं तरी घेऊ नका.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर व्हावी लागते, आणि बदल केल्यापासून चौदा दिवसांत आरसीसह आरटीओला कळवावं लागतं. मी सांगेन की गाडीला पाना लावण्याआधीच आपल्या आरटीओत जाऊन विचारा, लेखी मंजुरी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्या वेळी इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघतो. तिथे फरक निघाला की चांगली गाडीही अडकून पडते.

जागा आणि उचलायचं साधन

या भागातल्या माणसांना सर्वांत कळकळीने सांगायचं ते इथे. आपली घरं कौलारू. पडवीचा वासा किंवा माळ्याची तुळई जाडजूड दिसते आणि तिलाच चेन कप्पी अडकवायचा मोह होतो. तसं करू नका. ती तुळई कौलांचा पसरलेला भार पेलायला घातलेली असते. एकाच जागी लटकलेलं आणि हेलकावे खाणारं वजन तिच्या हिशेबात नसतं. शिवाय वाळवीने पोखरलेली असली तरी रंगामुळे दिसत नाही. आंब्याच्या फांदीचंही तेच.

चांगला उपाय गावातच असतो. बोअरवेलची मोटर काढणाऱ्यांकडे लोखंडी पाइपांची तिवई आणि चेन कप्पी असते. दोन दिवसांच्या भाड्याने ती देतात. एक टनाची कप्पी या कामाला भरपूर होते. तिवईचे पाय खाली साखळीने एकमेकांना बांधा म्हणजे भार आल्यावर फाकत नाहीत. फरशीवर पाय घसरतात, म्हणून प्रत्येक पायाखाली खळगी किंवा अडसर हवा. दोन पायांमधून गाडीचं तोंड आत यायला हवं, तेव्हा आधी गाडी लावून माप घ्या. हुक जमिनीपासून आठ-नऊ फूट उंच राहिला पाहिजे, नाहीतर इंजिन बोनेटच्या पट्टीवर अडकून राहतं आणि कप्पीची साखळी संपते. शहरात असाल तर चाकांची इंजिन क्रेन भाड्याने मिळाली तर उत्तम, पण तिला सपाट सिमेंटची जमीन लागते. शेणाने सारवलेल्या अंगणात तिची चाकं रुततात.

गाडी उचलून ठेवायला लोखंडी घोड्याच (ॲक्सल स्टँड) वापरा. विटा नकोत आणि खानापूरकडचा चिराही नको. चिरा दाबाखाली कुठलीही सूचना न देता फुटतो. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा.

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२, १४ आणि १७ चे रिंग पाने, त्याच मापाच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, एक्सलच्या नटाला बसणारी मोठी गोटी आणि लांब टॉमी (लोखंडी दांडी), पक्कड, हातोडा, तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा, ऑइल धरायला पसरट टब, टॉर्क पाना. टॉर्क पाना स्वतःचा नसेल तर दोन दिवस मागून आणा. फ्लायव्हीलचे आणि एक्सलचे नट हाताच्या अंदाजाने आवळायचे नसतात. आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातून लिहून घ्या आणि भिंतीवर चिकटवा.

खुणा करणं

सोडण्याआधी इंजिनाचे फोटो काढा, वरून, बाजूने आणि गाडीखालूनही. प्रत्येक कपलर (वायरींचा जोड) सोडताना दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहा आणि वहीत त्या आकड्यापुढे नाव लिहा: ४ म्हणजे रेडिएटर फॅन, ५ म्हणजे टेम्परेचरची वायर, असं. प्लगच्या वायरींना तर आधी. बेल्टच्या बाजूने पहिला सिलिंडर मोजतात आणि फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ असा असतो. या वायरी अदलाबदल झाल्या की इंजिन खोकतं, मागे भडकतं आणि माणूस उगाच टायमिंग शोधत बसतो.

बोल्टांसाठी माझी पद्धत अशी. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर त्या भागाचा अंदाजे आकार काढायचा आणि बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात भोक पाडून खोचायचा. गिअरबॉक्सचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात घालून आवळला तर ॲल्युमिनियमची भिंत फुटते. बाकीचे नट-वॉशर दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत घालून वर नाव लिहायचं.

सोडायला सुरुवात

बॅटरीचं काम सर्वांत आधी असतं. एमपीएफआय गाडी असेल तर त्याआधी पेट्रोलच्या लाइनीतला दाब घालवा: पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू करा, ती आपोआप बंद पडेल, मग दोन-तीनदा सेल्फ मारा. आता बॅटरीचा निगेटिव्ह आधी आणि पॉझिटिव्ह नंतर काढा, बॅटरी बाहेर घ्या. बोनेटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघ ओढा आणि दोघांनी धरून बोनेट उतरवा. रेघ असली की परत बसवताना फट वेडीवाकडी येत नाही.

इंजिन गार झाल्यावर कूलंट टबात सोडा. अंगणात सांडू देऊ नका. त्याची चव गोड असते, कुत्रं किंवा वासरू चाटतं आणि ते विष आहे. लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावा. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वेगवेगळ्या डब्यांत काढा.

मग वरून खाली या. एअर फिल्टर, ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोलचे पाइप काढा. पाइपांच्या तोंडांना बोल्ट खोचून बंद करा, जवळपास बिडी-सिगारेट नको आणि हाताशी वाळूची बादली ठेवा. हीटरचे दोन होज, रेडिएटरचे होज. जुना होज चिकटलेला असतो, तो ओढू नका. लांबीच्या दिशेने चिरून काढा, नवा घालायचाच आहे. रेडिएटर फॅनसकट बाहेर घेतला की पुढे जागा होते आणि कप्पीवर इंजिन झोका घेतं तेव्हा जाळी फुटायचं भय राहत नाही. एसी असेल तर त्याचे पाइप उघडायचे नाहीत, आत दाबाखाली गॅस आहे. कॉम्प्रेसर इंजिनावरून सोडून पाइपांसकट बाजूला तारेने बांधून ठेवायचा.

इलेक्ट्रिकचे कपलर, सेल्फची जाड वायर, अल्टरनेटरची वायर. क्लचची केबल, केबलवाला मीटर असेल तर ती केबल. खालून गिअर शिफ्टिंगचा रॉड आणि त्याच्या शेजारचा एक्स्टेन्शन रॉड. सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डपासून सोडायचा. हे नट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, सकाळी आधी किंचित आवळून बघा आणि मग सोडा. जोर लावून स्टड तोडला की अर्धा दिवस जातो. ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याची वायर आधी मोकळी करा, पाइपाच्या वजनाने ती तुटते.

एक्सल काढणं हा घाम काढणारा भाग. चाक जमिनीवर असतानाच एक्सलच्या नटाची पिन काढून नट सैल करा, गाडी वर असताना तो सुटत नाही आणि सोडायच्या नादात गाडी घोडीवरून ढकलली जाते. मग चाक काढा, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट मोकळा करा, हब बाहेर ओढून एक्सल त्यातून सोडवा. गिअरबॉक्सकडचं टोक टॉमीने उचकटून काढायचं. एक्सल धरून ओढलात तर आतला जॉइंट निखळतो. बाहेर येताच त्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर धूळ जाते आणि उरलेलं ऑइल अंगावर येतं.

उचलताना

इंजिनाला उचलण्यासाठी हेडजवळ लोखंडी कान दिलेले असतात. साखळी त्यांनाच बांधा. इनटेक मॅनिफोल्डला किंवा अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला कधीच नाही. गुरं बांधायचा दोर, नायलॉनची दोरी इथे चालत नाही. कप्पीच्या हुकाला तोंड बंद करणारी पट्टी आहे ना ते बघा.

साखळी ताणून इंजिनाचं वजन कप्पीवर आलं की मगच फाउंडेशनचे बोल्ट सोडायचे. सगळे सुटले की दोन इंच उचला आणि थांबा. कप्पी तिथेच राहू द्या, टॉर्च घ्या आणि भोवतीने फिरून बघा कुठे काय ताणलं गेलंय. माझ्या हातून हे एकदा राहिलं होतं. गिअरबॉक्सच्या मागे, बॅटरीच्या ट्रेखाली विणलेल्या तांब्याची अर्थची पट्टी असते. काळवंडलेली, ऑइलने माखलेली, ती मला दिसलीच नाही. इंजिन फूटभर वर आलं, मग एका बाजूला कललं. मला वाटलं तोल चुकलाय, म्हणून अजून दोन हात साखळी ओढली. पट्टी तुटली नाही, तिने इंजिनच खेचून फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) आपटलं आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला उभी चीर गेली. चीर केसाएवढी होती. नवीन इंजिन बसवल्यावर गाडी सकाळच्या दवात सुरूच होईना आणि दहा वाजता उन्हात आपोआप सुरू व्हायची. कारण सापडायला आठ दिवस गेले. आता दोन इंचांवर थांबल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. हाताशी आलेली माणसं मिश्र असतात, कोण मराठी, कोण कन्नड, कोण उर्दू बोलणारं. आमच्याकडे एकदा समोरून पाहणारा गडी "साकु, साकु" म्हणाला. साखळी ओढणारा पोरगा नुकताच पुण्याहून आलेला, त्याला ते पुरे झालं म्हणून कळलंच नाही. त्याने आणखी दोन हात ओढले आणि पुली पुढच्या पट्टीत अडकली. म्हणून उचलायच्या आधी सगळ्यांना उभं करून शब्द ठरवून घ्या: वर, खाली, थांब. मराठीत ठरवा किंवा कन्नडमध्ये "म्याले, केळगे, निल्लु" ठरवा. हुकूम एकाच माणसाने द्यायचा, "थांब" मात्र कुणीही म्हणू शकतो. गल्लीतली पोरं बघायला जमतातच, त्यांना उंबऱ्याच्या आत पाठवा.

गिअरबॉक्सची बाजू किंचित खाली झुकू द्या म्हणजे पुलीची बाजू आधी मोकळी होते. एकाने हाताने इंजिन फिरवत, आडोसे चुकवत राहायचं, पण हात इंजिन आणि बॉडी यांच्या मध्ये जाऊ द्यायचा नाही. पूर्ण वर आलं की तिवई हलवू नका. गाडी घोड्यांवरून उतरवलेली, चाकं लावलेली असेल तर तीच मागे ढकलता येते, म्हणून एक्सल निघाल्यावर चाकं परत लावून घ्यावीत. गाडी सरकली की इंजिन लगेच खाली, जुन्या टायरवर. लटकत्या इंजिनाखाली पाय, हात, डोकं काही नको, कितीही किरकोळ काम असलं तरी.

बाहेर असताना

इंजिन बाहेर आहे तोवर ज्या गोष्टी स्वस्तात होतात त्या नंतर दुप्पट कष्टाने होतात. गिअरबॉक्स वेगळा केला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदला, प्लेट निम्मी शिल्लक दिसली तरी. क्रँकचं मागचं ऑइल सील फ्लायव्हीलमागे असतं. ते नंतर गळलं तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते आत्ताच. पुढचं सील, टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, एक्सलची सील, फाउंडेशनचे रबर. ब्लॉकच्या बाजूची गोल पत्र्याची झाकणं, म्हणजे वेल्च प्लग, नखाने टोचून बघा. नुसतं पाणी घालून चालवलेल्या गाडीत ती आतून गंजलेली असतात.

टायमिंग बेल्ट घालताना कॅमच्या आणि क्रँकच्या खुणा जुळवा. मग पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. दोन फेऱ्यांनंतर जुळल्या तरच बेल्ट बरोबर. फिरवताना कुठे लागल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, जोर करू नका.

रिकामी झालेली बोनेटखालची जागा डिझेल आणि ब्रशने धुवून घ्या, मग साबणाच्या पाण्याने. बॅटरीच्या ट्रेखालचा गंज, ब्रेकचे पाइप, जळालेल्या वायरी, सगळं आता दिसतं. आमच्याकडच्या पावसात त्या कोपऱ्यातला पत्रा आधी जातो. तो घासून रंगवायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

परत बसवणं

क्लच प्लेट मधोमध धरणारी दांडी लावून प्रेशर प्लेट आवळा. गिअरबॉक्स इंजिनाला हाताने पूर्ण टेकला पाहिजे. शेवटची अर्धा इंच फट बोल्ट आवळून मिटवायचा प्रयत्न केला तर क्लचचा हब किंवा गिअरबॉक्सचा कान मोडतो. फट राहत असेल तर प्लेट मधोमध नाही, किंवा क्रँक थोडा फिरवून दाते जुळवायला हवेत.

इंजिन परत आत सोडताना तीच माणसं, तेच शब्द. फाउंडेशनचे सगळे बोल्ट आधी हाताने लावा, इंजिन हलवून मोकळं बसू द्या आणि मग आवळा. एकच बोल्ट आधी घट्ट केला की बाकीची भोकं जुळत नाहीत आणि रबर पिळलेलं राहतं. एक्सल घालताना सीलच्या ओठाला ग्रीस लावा आणि टोक आत गेल्याचा "टक" आवाज ऐका. एक्सलच्या नटाला पिन नवीनच. अर्थच्या पट्टीची दोन्ही टोकं घासून चकचकीत करा. तिच्यावर गंज असेल तर सेल्फ मंद फिरतो आणि करंट वाट मिळेल तिथून, क्लचच्या केबलमधूनही जातो.

पहिला सेल्फ

ऑइल, गिअर ऑइल भरा. लगेच गाडी सुरू करू नका. प्लग काढलेले, पंपाचा फ्यूज आणि इग्निशन तोडलेलं ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. ऑइलचा दिवा विझला म्हणजे ऑइल वर पोचलं. आता प्लग लावा, कनेक्शनं जोडा. हीटरची कळ गरमवर ठेवून कूलंट सावकाश भरा, वरचा होज दाबत हवा बाहेर काढा.

सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर तत्काळ बंद करा. विझला तर तसंच चालू ठेवा आणि टॉर्च घेऊन खाली-वर बघत राहा: पेट्रोलचा वास, कूलंटचा थेंब, सीलजवळचा ओलावा. रेडिएटरचा फॅन स्वतःहून एकदा लागून बंद होईपर्यंत गाडी अंगणातच राहू दे. काटा वर चढला आणि फॅन लागला नाही तर हवा अडकलेली असते किंवा कपलर राहिलेला असतो. वही काढा. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत टायमिंग लाइट लावून टायमिंग बघा.

पहिली फेरी जवळची. आम्ही खानापूर रस्त्याने थोडं जाऊन परत येतो, कुठेही थांबता येतं आणि चढ नाही. चोर्ला घाटात नेऊन बघायची घाई नको. गार झाल्यावर कूलंट आणि ऑइलची पातळी, होजचे क्लॅम्प, फाउंडेशनचे आणि एक्सलचे नट पुन्हा तपासा. बोअर करून आणलेलं इंजिन असेल तर पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने ताणू नका, आणि त्यातल्या पाचशेवर ऑइल व फिल्टर बदला.

काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. कॅन भरून ठेवा, जुनं ऑइल विकत नेणाऱ्याला द्या. जुनं इंजिन भंगारात घालणार असाल तर भंगारवाल्याकडून इंजिन नंबर घातलेली पावती घ्या, नंबराचा एक फोटो काढा आणि दोन्ही आरटीओच्या कागदांबरोबर गाडीच्या फायलीत लावा.